वहीच्या डावीकडे काऊन

माझ्या नातीची विज्ञानाची वही पाहून कोणीही म्हटलं असतं की ही पोरगी वर्गात पहिली येत असेल. मथळे लाल पेनानं, व्याख्या निळ्या, उत्तरं काळी, आणि महत्त्वाच्या ओळींवरून तो पिवळा चमकणारा पेन फिरवलेला. तिला सगळंच महत्त्वाचं वाटायचं, म्हणून पानंच्या पानं पिवळी. खाडाखोड शोधून सापडायची नाही. वहीला खाकी कव्हर, त्यावर प्लास्टिकचं. आणि ही पोरगी दहावीच्या सहामाहीत विज्ञानात नापास झाली.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, गोंदियात मोटारपंपाच्या सामानाचं दुकान चालवतो. आमच्या कुडवा गावातून रोज सकाळी मोटारसायकलनं जातो, अंधार पडता परत येतो. बोलायला त्याला वेळ नसतो, म्हणून जे बोलतो ते ठरवूनच बोलतो. दिवाळीच्या फराळाला सगळे बसलो असताना त्यानं निकालाचा कागद पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "अकरावीले आर्ट्स."

नातीला सायन्स घ्यायचं होतं. मागच्या वर्षी माझं रक्त तपासायला नेलं होतं तेव्हा ती सोबत होती. तिथे एक बाई काचेवर थेंब ठेवून यंत्रातून पाहत बसली होती. हिनं विचारलं तर त्या बाईनं हिलाही पाहू दिलं. तेव्हापासून हिचं एकच, की मला हे काम करायचं आहे. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. बापालाही.

"बाबा, मी पुढे मेहनत करीन," ती म्हणाली.

"मेहनत तर करूनच राहिली तू. वही भरून भरून पेनं संपली. मेहनतीनं होत नाही त्याले का म्हणतात?"

त्याला काय म्हणतात हे तो बोलला नाही, पण ते ताटात पडलं सगळ्यांच्या. शेवटी सुनेनं मध्ये पडून एवढं कबूल करून घेतलं की बोर्डात विज्ञानात शंभरापैकी सत्तर आले तर सायन्स, एक जरी कमी आला तर आर्ट्स. मुलगा हो म्हणाला. त्याला वाटलं असेल, सत्तर कुठले येतात.

मी चौथी शिकलेली बाई. दहावीच्या विज्ञानात मला काय कळतं? पण एक गोष्ट मला खटकत होती. पोरगी मठ्ठ नव्हती. एकदा पाहिलेलं कसं करायचं ते तिला सांगावं लागत नसे. मग एवढं लिहून डोक्यात काही का नाही?

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. त्या आठवड्यात एक दिवस ती पाचला घरी आली तेव्हा मी ओट्यावर लाखोळीची डाळ पाखडत बसले होते. तिला म्हटलं, "आज विज्ञानात का झालं?"

"लेटेंट हीट."

"ते का असते?"

तिनं वही काढली आणि इंग्रजीतून तीन ओळी वाचून दाखवल्या. तिची शाळा मराठी, पण विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. आजकाल इकडे सगळीकडे तसंच आहे.

"आता सांग."

"सांगितलं ना, आजी."

"वाचलं. सांगितलं नाही."

ती पुन्हा वहीकडे पाहायला लागली. मी हात लांब करून वही बंद केली.

"वही बंद केली तर मी कशी सांगू?" ती चिडून म्हणाली.

"मग शाळेत कोण गेली होती, तू का वही?"

तिनं वही बाजूला सरकवली. मग मी विचारलं, सर फळ्यावर लिहून मुकाट्यानं बसतात की काही बोलतातही. तर म्हणाली, बोलतात ना, पुष्कळ बोलतात. गोंदियाचे सर, हिंदीतूनच समजावतात. मध्येच मराठी, मध्येच गमती.

"आज का गंमत सांगितली?"

तिला हसू आलं. सरांची नक्कल करत म्हणाली, "अरे, चूल्हे पे चावल चढ़ाया, पानी उबल गया. अब तुम और चार लकड़ी डालो, तो भी पानी सौ के ऊपर नहीं जाएगा. चार लकड़ी फोकट गई."

मी सूप खाली ठेवलं. जन्मभर मी भात रांधला. उकळी आली की जाळ ओढायचा, हे मला माझ्या आईनं शिकवलं. का ओढायचा ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सरपण वाचतं एवढं ठाऊक होतं.

"हे लिहिलं का तू?"

"हे कायले लिहू? हे तर सर असंच बोलले."

तिथे मला कळलं. ती फळ्यावरचं इंग्रजी सगळं उतरवत होती आणि सरांच्या तोंडातून जे समजण्यासारखं निघत होतं ते सगळं सोडून देत होती. हिंदीतलं म्हणजे गप्पा. मराठीतलं म्हणजे गप्पा. घरी आम्ही आमची पोवारी बोली बोलतो, त्याची तर गोष्टच सोडा. अभ्यास म्हणजे फक्त ते इंग्रजी, जे ना तिला कळत होतं, ना ती कोणाला सांगू शकत होती. आणि ही एकटी नव्हती. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी असंच करत होत्या, असं तीच म्हणाली. सर बोलायला लागले की पेन खाली ठेवायचं आणि ऐकून हसायचं. सर फळ्याकडे वळले की पेन उचलायचं.

"उद्यापासून उलटं कर," मी म्हटलं. "सर बोलतील तेव्हा लिहिजो."

"आणि फळ्यावरचं?"

"ते पुस्तकात छापून आहे ना? ते कुठे पळून जाते?"

हे मी अंदाजानं बोलले नाही. त्यामागे माझी पाटी होती.

मी नागऱ्याच्या पलीकडल्या एका गावात शिकले. शाळा गावात नव्हती, शेजारच्या गावात होती. धानाच्या शेतांच्या बांधांवरून चालत जायचं. वही नावाची वस्तू चौथीपर्यंत मी हातात धरली नाही. एक पाटी, तीही थोरल्या भावाची, एका कोपऱ्याला फुटलेली. तिच्या एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. गुरुजी दिवसभर शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी विचारायचे. म्हणजे पाटीवरचं घरापर्यंत टिकलं पाहिजे. आणि ते टिकत नसे. पाटी काखेत धरली की झग्याला घासून कडेची अक्षरं जायची. येताना आई वाटेत गवताचा भारा डोक्यावर द्यायची, मग पाटी भाऱ्यात खोचायची. घरी येईपर्यंत कडेचं सगळं साफ. उरायचं ते फक्त मधलं.

पहिल्या वर्षी मी मार खाल्ला. दुसऱ्या वर्षी अक्कल आली. गुरुजी बोलत असताना मी ऐकायची आणि पाटीच्या मधोमध चार-पाच शब्द लिहायची. असे शब्द की वाचले की मागचं सगळं ओढत यावं. गुरुजींनी मोठ्या तलावाची गोष्ट सांगितली, तर मी लिहायची ‘पाळ’, ‘तुडुंब’, ‘म्हातारा’. एवढ्यावर पूर्ण गोष्ट. घरी येताना, भारा डोक्यावर येण्याआधी, बांधावरून चालता चालता ते शब्द पाहायची आणि मोठ्यानं स्वतःलाच सांगायची. बैलांनीही ऐकलं असेल.

एकदा गुरुजींनी माझी पाटी पाहिली. म्हणाले, "बाकीच्यांनी पाटी भरली, तुझी रिकामी काऊन?" मी म्हटलं, "विचारा जी." त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझी पाटी कधी पाहिली नाही. चौथीत मी पहिली आले, पोरांसकट सगळ्यांत. पाचवीची शाळा जवळ नव्हती. विषय संपला. मला त्याचं दुःख वगैरे सांगायचं नाही, पण मी पहिली आले होते हे मात्र सांगणार.

तर नातीला मी पाटीची गोष्ट सांगितली. तिला ती फार काही आवडली नाही. "आजी, आता जमाना वेगळा आहे," म्हणाली. मी म्हटलं, "जमाना वेगळा आहे, सहामाही तीच आहे." मग तिनं ऐकलं.

तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, विरोध केला. सून बी.ए. झालेली आहे. तिनंच पोरीला सुवाच्य लिहायला शिकवलं. "आई, वह्या तपासतात शाळेत. त्याचे गुण असतात. अर्धवट वही दिली तर गुण कापतील." तिचं बरोबर होतं. म्हणून दोन वह्या ठरल्या. एक रफ, वर्गात लिहायची. दुसरी फेअर, रविवारी तिच्यावरून नीट उतरवायची, पाहिजे तेवढ्या रंगांत. आतापर्यंत उलटं चालू होतं. फेअर वही वर्गातच भरायची आणि रफ वहीत फक्त गणितं सोडवायची.

पहिले आठ दिवस पोरीचे हाल झाले. वीस जण फळ्यावरचं उतरवताहेत आणि आपण नाही, म्हणजे आपण मागे पडलो, असं तिला वाटायचं. शेजारची पोरगी कोपरानं ढोसून म्हणायची, "लिही ना, नंतर मागू नको." घरी आली की रडकुंडीला यायची. रडायची नाही. ते माझ्यावर गेलं असावं.

रोज पाचला ती ओट्यावर बसायची. मी काही ना काही करत असायची, तांदूळ निवडणं, हळद कांडणं. बसल्या बसल्या तिनं वहीतले पाच-सहा शब्द पाहायचे, वही पालथी घालायची आणि मला धडा सांगायचा. इंग्रजीत नाही. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे तिची सुटका नव्हती. शाळेतल्या शब्दांमागे लपायला जागाच राहिली नाही. ती सांगायची, मी ऐकायची, आणि जिथे एखादी गोष्ट का होते ते मला कळलं नाही तिथे म्हणायची, "काऊन?"

पहिल्यांदा तिला राग यायचा.

"पाण्यात टाकलेली काडी वाकडी दिसते."

"काऊन?"

"प्रकाश वाकतो म्हणून."

"काऊन वाकतो?"

"आजी, तू मुद्दाम करून राहिली."

"मुद्दाम नाही. मले माहीत नाही, म्हणून विचारते. तुले माहीत आहे ना? मग सांग."

तिला माहीत नव्हतं. मग मी तिला सांगितलं की माझा भाऊ बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, बरचीनं मासे मारायचा. मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो, थोडा खाली असतो. नवखा पोरगा दिसतो तिथे बरची मारतो आणि चिखल ढवळतो. माझा भाऊ खाली मारायचा. का खाली, ते त्याला विचारलं असतं तर त्यानं मलाच बरची मारली असती. पोरगी हसली. म्हणाली, "म्हणजे सर जे बोलले ते हेच." पुस्तक उघडून तिनं आकृती पाहिली, आणि मग मला समजावून सांगितलं, हवेतून पाण्यात जाताना प्रकाशाचा वेग कमी होतो ते. मला अर्धं कळलं. तिला पूर्ण कळलं. तेवढंच पाहिजे होतं.

त्या दिवशी मी तिला पानाला घडी घालायला लावली. डावीकडून पानाचा चौथा भाग दुमडायचा आणि तिथे वर्गात काही लिहायचं नाही. संध्याकाळी ओट्यावर माझे जेवढे काऊन येतील तेवढे त्या दुमडलेल्या भागावर लिहायचे, ज्या ओळीबद्दल असतील त्या ओळीसमोर. उत्तर पुस्तकात सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचं. अभ्यासाला बसताना उजवी बाजू झाकून फक्त डावीकडचे काऊन वाचायचे आणि उत्तरं तोंडानं द्यायची. अडकलं की मगच उजवीकडे पाहायचं.

सरांना विचारायला ती घाबरत होती. "पोरी हसतात," म्हणाली.

"हसू दे. सत्तर त्यांना पाहिजेत का तुले?"

आता इथे माझी एक चूक सांगते. मी तिला फळ्यावरचं काही उतरवू नको म्हटलं होतं. त्यात आकृत्याही आल्या. आकृती म्हणजे चित्र, त्याला काय एवढं, असं मला वाटलं. माझ्या पाटीवर कधी चित्र नव्हतं. मार्गशीर्षात शाळेनं छोटी चाचणी घेतली. तिला समजलेलं सगळं तिनं लिहिलं आणि आकृत्यांचे गुण पूर्ण गेले. सर म्हणाले, आकृती नाही तर अर्धं उत्तर नाही. ती घरी आली ती सरळ माझ्यासमोर पेपर टाकून आत निघून गेली.

मी आत गेले. म्हटलं, "माझं चुकलं. आकृती वर्गातच काढजो, आणि नावं तिथल्या तिथं लिहजो." मी पोरांची माफी मागत नाही, पण चुकलं ते चुकलं म्हणते. दुसऱ्या दिवशीपासून वहीत आकृत्या आल्या. पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या, पण सगळ्या भागांना नावं.

पौषात एका रविवारी माझ्या मुलाच्या हाती ती रफ वही लागली. तो बाजेवर बसून चहा पीत होता. पान उलटता उलटता त्याचा चेहरा बदलत गेला. मीही पाहिली आहे ती वही. डावीकडे ‘काऊन’, ‘काऊन’, ‘आजी म्हणते मग बर्फ पाण्यावर का राहतो’. उजवीकडे ‘चार लकड़ी फोकट’, मध्येच पोवारीतला एखादा शब्द, मध्येच इंग्रजी. खाली बोडीतला मासा काढलेला आणि त्याच्या खाली बाण.

"हे का आहे, माय?"

"वही."

"हे विज्ञान आहे? हे तर ओट्यावरच्या गप्पा लिहून ठेवल्या पोरीनं. मासा काढला आहे. तू चौथी शिकलेली. पोरीचं वर्ष आहे हे."

"माझ्या चौथीनं तुले दुकानाचा हिशेब शिकवला, तेव्हा असं नाही म्हटलं तू."

"ते वेगळं."

"मग विचार तिले. कोणतंही पान उघड आणि विचार."

त्यानं विचारलं नाही. त्याला स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं, आणि ते पोरीसमोर उघडं पडलं असतं. तो म्हणाला, "सत्तर. बोर्डात. मी बाकी काही जाणत नाही." आणि मोटारसायकल काढून गेला.

त्यानंतरच्या शनिवारी पालकसभा होती. मुलाला दुकान, सुनेला ताप. मी गेले. मला बाकावर बसवलं. पाय खाली टेकत नव्हते, तरी बसले. विज्ञानाचे सर आले. हातात नातीच्या दोन वह्या. एक खाकी कव्हरची आणि दुसरी ती कडांना मळलेली. चुकून तिनं रफ वहीही तपासायला दिली होती.

"आप दादी हैं?" सरांनी विचारलं.

"हाव."

"ये रफ वाली मैंने पूरी पढ़ी." आणि त्यांनी एक पान उघडून मोठ्यानं वाचलं, "चार लकड़ी फोकट. मैंने ये बोला था?"

"बोला होगा, तभी तो लिखा," मी म्हटलं. माझं हिंदी एवढंच आहे.

सर हसले. मग म्हणाले, "पंद्रह साल से बोल रहा हूँ. पहली बार किसी ने लिखा." त्यांना ते खरंच आवडलेलं दिसत होतं, आणि थोडं वाईटही वाटलेलं दिसत होतं. नंतर त्यांनी डावीकडचा घडीचा भाग उलगडला. "और ये काऊन, काऊन, ये सब?"

"वो मैं पूछती."

"ये क्लास में क्यों नहीं पूछती लड़की? इसमें आधे सवाल तो ऐसे हैं कि मुझे भी घर जाकर देखना पड़े."

"शरमाती. पोरी हसतात म्हणून."

सरांनी दोन्ही वह्या माझ्या हातात दिल्या. सोमवारी नात घरी आली ती धावतच. सरांनी वर्गात जाहीर केलं होतं की रोज शेवटची दहा मिनिटं काऊनची. प्रत्येकानं एक तरी विचारायचा. नाही विचारला तर सर विचारणार. पोरींना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. नातीला ढोसणाऱ्या त्या शेजारच्या पोरीनं तिसऱ्या दिवशी तिच्याकडे रफ वही मागितली. नातीनं दिली नाही. म्हणाली, "तुझ्या आजीले विचार." हे ऐकून मला बरं वाटलं. वही द्यायला हवी होती हेही खरं, आणि पुढे तिनं दिलीही. पण पहिल्यांदा नाही म्हटलं ते मला आवडलं.

बोर्डाच्या महिन्याआधी तिनं नवं काही वाचलं नाही. वह्या चार झाल्या होत्या. ती ओट्यावर बसून उजवी बाजू झाकायची आणि माझे काऊन वाचून मलाच उत्तरं द्यायची. मला आता बरीच उत्तरं पाठ झाली होती, म्हणून मी अडवायचीही. "हे नाही म्हटलं होतं तू मागच्या वेळी." ती वही पाहायची आणि म्हणायची, "हाव, आजी बरोबर." चौथी शिकलेल्या बाईनं दहावीच्या पोरीला पकडायचं, ह्यात मला काय सुख होतं ते मी लपवत नाही.

विज्ञानाच्या पहिल्या पेपरच्या दिवशी ती परत आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, एक प्रश्न बर्फ पाण्यावर तरंगण्याचा होता. "मी लिहिताना हसून राहिली होती. सुपरव्हायजर मॅडमनं पाहिलं मले."

निकाल मोबाईलवर लागला. सून मोबाईल धरून, नात तिच्या खांद्यावरून पाहत, मुलगा दुकानात. सुनेनं आधी सगळं पान मोठं करून विज्ञान शोधलं. अठ्ठ्याहत्तर. सुनेनं दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मला वाचायला दिलं. मी चष्मा लावून स्वतः वाचलं. आकडे मला चौथीतच येत होते.

मुलाला फोन केला. तो तिकडून म्हणाला, "ठीक आहे. सायन्स." आणि फोन ठेवला. एवढंच. मी त्याच्याकडून जास्त मागितलंही नव्हतं. पण दुपारी शेजारीण येऊन सांगून गेली की त्यानं मार्कशीटचा फोटो मोबाईलवर स्टेटसला लावला आहे आणि खाली लिहिलं आहे, माझी मुलगी, आणि माझी माय. मी म्हटलं, दाखव. तिनं दाखवलं. होतं तसंच लिहिलेलं. मी तिला चहा दिला.

मला अभिमान वाटला. तो पोरीचा किती आणि माझा किती, हे मी वेगळं काढत बसले नाही. चार भिंतींत पाखडून, निवडून, रांधून मी जे शिकले त्याला कोणी शिक्षण म्हणत नाही. म्हणू नये. पण ते दहावीच्या पेपरात उतरलं आणि त्याचे गुण मिळाले, हेही खरंच आहे.

जुलैत नातीचं गोंदियातलं कॉलेज सुरू झालं. सायन्सचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि ओट्यावर बसली. नवी वही, पानाला डावीकडून घडी घातलेली. पण घडीच्या उजवीकडेही फार काही नव्हतं.

"आजी, इथले सर फक्त इंग्रजीत बोलतात. हिंदीचा एक शब्द नाही. गंमत नाही."

"मग तुले किती समजलं?"

"अर्धं."

"अर्धं लिहिलं?"

"लिहिलं."

"बाकीच्या अर्ध्यासमोर काऊन टाक. उद्या विचार."

"कॉलेजात कोणी विचारत नाही, आजी. सगळे मुकाट लिहून राहिले."

"मग तू पहिली होशील," मी म्हटलं, आणि सूप तिच्याकडे सरकवलं. लाखोळीत त्या दिवशी खडे फार होते. ती एका हातानं खडे वेचत दुसऱ्या हातानं घडीवर लिहू लागली.